मांजर, साप आणि खिडकीतला योसेफ : रेम्ब्रांटचं एक लहानसं एचिंग कसं पाहायचं

उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर, रुंदी साडेचौदा. म्हणजे पोस्टकार्डापेक्षा फार मोठं नाही. एवढ्या कागदावर काळ्या रेघांनी काढलेली घरातली एक खोली आहे. एक बाई जमिनीलगत बसली आहे आणि तान्ह्या बाळाला तिनं गालाशी घट्ट धरलंय. तिच्या झग्याच्या घेराशी मांजराचं खेळणं चाललंय. खिडकीबाहेर उभा राहून एक माणूस आत बघतोय. आणि त्याच झग्याखालून एक साप बाहेर सरपटतोय. तो चटकन दिसत नाही, शोधावा लागतो.

हे चित्र डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६५४ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये केलं. बाई म्हणजे मरिया, बाळ म्हणजे येशू आणि खिडकीतला माणूस योसेफ. संग्रहालयांच्या याद्यांत ते ‘मरिया, बाळ, मांजर आणि साप’ अशा अर्थाच्या नावानं नोंदलेलं असतं. बारोक काळ, म्हणजे युरोपातलं साधारण सतरावं शतक, म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रोममधली अवाढव्य चर्चेस येतात, छतावरून उतरणारे देवदूत आणि सोन्याचा मुलामा येतो. हे चित्रही त्याच शतकातलं आहे, पण त्यात देवदूत नाहीत, ढग नाहीत, सोनं नाही. तरी ते धार्मिक चित्रच आहे, आणि माझ्या मते त्या काळातल्या सर्वांत खोल धार्मिक चित्रांपैकी एक. ते नीट कळायचं तर दोन गोष्टी माहीत हव्यात. एचिंग कसं होतं ही एक, आणि हॉलंडमध्ये देवाधर्माची चित्रं घराघरांत का शिरली ही दुसरी.

आधी एचिंग. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याच्या प्रती काढायची कला युरोपात पंधराव्या शतकापासून होती. तिला एनग्रेव्हिंग म्हणतात. त्यात कलाकार एक टोकदार पोलादी हत्यार तळहातानं पुढे रेटत तांब्यात चर पाडतो. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून देणाऱ्याचा हात पाहिला असेल, तर धातू किती विरोध करतो याची कल्पना येईल: अक्षर निघतं, पण सही केल्यासारखं झरझर वळत नाही. एनग्रेव्हिंगच्या रेघाही अशाच शिस्तीच्या असतात. त्या ताठ किंवा लयदार वळणाच्या असतात, एका टोकाला जाड होत दुसऱ्या टोकाला निमुळत्या होत जातात. त्यात मोठमोठे उस्ताद होऊन गेले. पण मनात आलं आणि हात फिरवला, ही सोय त्यात नव्हती.

एचिंगनं ती सोय केली. तांब्याच्या घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबरासारखे पदार्थ मिसळून केलेला पातळ लेप देतात. हा लेप आम्लाला दाद देत नाही. तो सुकला की कलाकार त्यावर सुईनं चित्र काढतो. सुईला तांबं खोदायचं नसतं, फक्त लेप बाजूला सारायचा असतो, त्यामुळे ती कागदावरच्या टाकासारखी हलकेच फिरते. मग पत्र्याला आम्ल लावतात. जिथं सुई गेली तिथं तांबं उघडं पडलेलं असतं, तेवढंच आम्ल खातं. लेपाखालचा बाकीचा पत्रा सुरक्षित राहतो. खोदायचं कष्टाचं काम आम्ल करतं, हात मोकळा राहतो.

हे तंत्र कलाकारांनी शोधलेलं नाही. चिलखतांवर आणि शस्त्रांवर नक्षी काढणारे कारागीर ते आधीपासून वापरत होते. १५०० च्या सुमारास जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये डानिएल होप्फर या कारागिरानं तेच तंत्र कागदावर छापण्यासाठी वापरलं. जर्मन चित्रकार ड्यूररनंही १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर काही एचिंग्ज करून पाहिली. पुढे लोरेनहून आलेल्या जाक कालो यानं इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वीणेसारखी तंतुवाद्यं घडवणाऱ्यांचं घट्ट रोगण लेपासाठी घेतलं. त्यामुळे रेघ अधिक नेमकी झाली. अब्राहाम बॉस यानं १६४५ साली पॅरिसमध्ये या सगळ्या कृतीचं रीतसर पुस्तकच छापलं. त्याच्या लेखी चांगलं एचिंग म्हणजे एनग्रेव्हिंगसारखं शिस्तशीर दिसणारं एचिंग. रेम्ब्रांटनं नेमकी उलटी वाट धरली. त्याचा लेप मऊ होता, आणि सुईला जिथं जायचं तिथं त्यानं जाऊ दिलं. त्याच्या रेघा अडखळतात, गिचमिड करतात, अर्ध्यात सुटतात. हाताचा स्वभाव छापात उतरला पाहिजे, हे त्याला पुरेपूर कळलं होतं.

आता गडद आणि फिकट कसं साधतं ते बघू. आम्लात पत्रा जास्त वेळ राहिला की चर खोल होतो. खोल चरात शाई जास्त मावते आणि छापात रेघ जास्त काळी येते. म्हणून कलाकार पत्रा थोडा वेळ आम्लात ठेवून बाहेर काढतो, ज्या रेघा फिकट हव्यात त्यांवर लेप चढवून त्या बंद करतो आणि उरलेल्या पुन्हा आम्लाच्या हवाली करतो. हे दोनतीनदा करता येतं. याशिवाय रेघा किती जवळजवळ काढल्या यावरही काळोख ठरतो. राखाडी रंग असा कुठे नसतोच. काळी शाई आणि कोरा कागद एवढंच असतं, आणि मधलं सगळं आपला डोळा जुळवून घेतो. आपल्या चित्रात खोलीचे कोपरे दाट रेघांनी अंधारले आहेत, तर आई आणि बाळाच्या आसपास कागद उघडा सोडला आहे. जो उजेड दिसतो तो त्या कोऱ्या कागदाचा आहे.

छपाईही हातानंच होते. पूर्ण पत्र्याला शाई चोपडायची, ती चरांत भरायची, आणि वरची शाई कापडानं, शेवटी तळहातानं पुसून काढायची. ओलसर केलेला कागद वर ठेवून, त्यावर लोकरी कापड घालून, सगळं दोन जड रुळांमधून दाबून काढायचं. कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. चांगल्या छापात रेघा किंचित उठलेल्या असतात आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. छापात सगळं उलटं येतं, डाव्याचं उजवं होतं. म्हणून पत्र्यावर नाव आणि साल आरशातल्यासारखं उलटं लिहावं लागतं. रेम्ब्रांट पुसतानाही खेळ करायचा. काही चित्रांत तो शाईचा एक पातळ थर पत्र्यावर मुद्दाम राहू द्यायचा, त्यामुळे एकाच पत्र्याची एक प्रत दुपारची वाटते आणि दुसरी रात्रीची. १६४७ नंतर तो काही प्रतींसाठी जपानी कागदही वापरू लागला. त्या काळी युरोपीयांपैकी फक्त डचांना जपानशी व्यापाराची मुभा होती, नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरून. तो पिवळसर, रेशमी कागद शाई फार मायेनं धरतो.

एवढं कळल्यावर चित्राकडे परत जाऊ.

हॉलंडमध्ये १५६६ साली पोपची सत्ता नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जमावांनी चर्चेसमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली. १५७८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमची सत्ताही प्रॉटेस्टंटांच्या हाती आली. त्यानंतर शहरातली चर्चेस आतून पांढरी, उघडी राहिली. देवाचं घर चित्रांनी सजवू नये, असा कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाच्या अनुयायांचा आग्रह होता. इटलीत किंवा स्पॅनिश अंमलाखालच्या अँटवर्पमध्ये कलाकाराला चर्चकडून वेदीवरच्या भव्य चित्रांची कामं मिळत. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये तो दरवाजा जवळपास बंद झाला. पण घरात चित्र ठेवायला कोणाची मनाई नव्हती. बायबल घरी वाचलं जायचं, कथा सगळ्यांना तोंडपाठ होत्या, आणि त्या कथांची चित्रं लोकांना हवीच होती. चर्चमधून उठवलेलं चित्र असं घरात येऊन बसलं. तिथं त्याचा आकार बदलला आणि त्याचा आवाजही खाली आला. हातात धरून, दिव्याजवळ नेऊन बघायच्या चित्राला ओरडून बोलायची गरज नसते.

शेजारी एक इटालियन चित्र ठेवलं की फरक कळतो. काराव्हाज्योनं १६०५-०६ मध्ये रोमच्या सेंट पीटर्स या चर्चसाठी एक चित्र रंगवलं. जवळपास तीन मीटर उंच. त्यात मरिया आणि छोटा येशू दोघंही सापाच्या डोक्यावर पाय देऊन उभे आहेत. विषय आपल्या चित्रातलाच आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात पहिल्या स्त्रीला फसवणाऱ्या सापाला देव म्हणतो, की तुझ्यात आणि स्त्रीत, तुझ्या संततीत आणि तिच्या संततीत मी वैर ठेवीन, ती तुझं डोकं फोडेल. आता ‘ती’ म्हणजे कोण? संतती की स्त्री स्वतः? जुन्या लॅटिन बायबलमध्ये स्त्री असं वाचलं जायचं, म्हणून कॅथलिकांसाठी मरिया ही सापाला चिरडणारी झाली. प्रॉटेस्टंटांनी हिब्रूकडे बोट दाखवून म्हटलं, नाही, तिची संतती. काराव्हाज्योनं आईच्या पायावर मुलाचा पाय ठेवून दोन्ही अर्थ सांभाळले. चित्र मात्र सेंट पीटर्समध्ये फार दिवस टिकलं नाही. लवकरच तिथून हललं आणि कार्डिनल बोर्गेझेच्या संग्रहात गेलं. ते आजही रोममध्ये त्याच संग्रहात आहे.

रेम्ब्रांटचा साप मोठमोठ्या वादात पडत नाही. मरिया त्याच्याकडे बघतही नाही. तिचं सगळं लक्ष बाळात आहे. पुन्हा पुन्हा बघताना मला असं वाटतं, की या चित्रात सापाचा पराभव कुणाच्या पराक्रमानं होत नाही. आई बाळाला जवळ घेऊन बसली आहे, आणि ते पुरेसं आहे. सापाला बाजूला सरावं लागतं आणि घरात मांजर खेळत राहतं. मांजराचेही अर्थ लावले गेले आहेत. कुणी त्यात सैतानाची चाहूल पाहिली, कुणी नुसतं घरातलं जनावर. मी दुसऱ्या मताची. आठ वर्षं आधी, १६४६ मध्ये, रेम्ब्रांटनं पवित्र कुटुंबाचं एक तैलचित्र केलं, ते जर्मनीत कासेलच्या संग्रहालयात आहे. त्यातही जमिनीवर लहानसा विस्तव पेटलाय, शेजारी एक वाडगा आहे आणि एक मांजर त्या वाडग्यापाशी बसलंय. ज्या घरात मांजर वाडग्यावर डोळा ठेवून बसतं ते घर खरं असतं, हे त्यानं कुठेतरी पक्कं हेरलं होतं.

मरियेच्या डोक्यामागे खिडकी आहे. तिच्या काचांच्या जाळीतला गोल नेमका तिच्या डोक्याभोवती आलाय आणि त्याचंच तेजोवलय झालंय. डोळे बारीक करून बघितलं की ते लखलखीत दिसतं, आणि पुन्हा नीट बघितलं की साधी काच. देवत्व दाखवायला रेम्ब्रांटनं घराबाहेरून काहीही आणलेलं नाही. या चित्रात मला हीच जागा सर्वांत आवडते.

आणि योसेफ. तो घरात नाही, बाहेर आहे, काचेपलीकडे. बायबलच्या कथेप्रमाणे तो बाळाचा पालक आहे, जन्मदाता नाही. आई आणि मूल यांच्या त्या मिठीत त्याला जागा नाही, पण माया आहे आणि म्हणून तो डोकावतो. धर्मशास्त्रातली एक अवघड गोष्ट रेम्ब्रांटनं खिडकीच्या एका चौकटीनं सांगितली. शास्त्र माहीत नसलेल्यालाही बाहेर थांबलेला बाप कळतोच.

आई आणि बाळाची ही बसण्याची ढब रेम्ब्रांटची स्वतःची नाही. इटलीतल्या आंद्रेआ मान्तेन्या या चित्रकारानं त्याआधी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं एक एनग्रेव्हिंग केलं होतं. त्यात मरिया अशीच खाली बसून, बाळाच्या गालाला गाल लावून त्याला कवेत घेते. रेम्ब्रांटकडे मान्तेन्याच्या चित्रांचं पुस्तक होतं, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं तेव्हा घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली आणि तीत ‘मान्तेन्याचं मौल्यवान पुस्तक’ अशी नोंद आहे. मान्तेन्याची मरिया मात्र कुठल्याच घरात बसलेली नाही. तिच्याभोवती काहीच नाही. रेम्ब्रांटनं ती उचलली, तिच्याभोवती भिंती उभ्या केल्या, खिडकी बसवली, मांजर सोडलं.

त्याच वर्षी त्यानं येशूच्या बालपणाची आणखी पाच एचिंग्ज साधारण याच मापाची केली: मेंढपाळांचं दर्शन, सुंता, इजिप्तला पळून जाताना ओढा ओलांडणं, मंदिरातल्या पंडितांशी बोलणं आणि तिथून आईबापांबरोबर घरी परतणं. सहाही शेजारीशेजारी ठेवून बघावीत. एका मुलाचं लहानपण त्यांत सलग दिसतं.

१६५४ हे त्याच्या स्वतःच्या घरातही साधं वर्ष नव्हतं. पहिली बायको सास्किया १६४२ मध्ये गेली होती. तिची पहिली तीन बाळं जन्मानंतर थोड्याच काळात दगावली, टायटस तेवढा राहिला. मग हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स ही स्त्री त्याच्या घरात आली आणि त्याची सोबतीण झाली. लग्न त्यांनी केलं नाही. सास्कियाच्या मृत्युपत्रात अशी अट होती की रेम्ब्रांटनं पुन्हा लग्न केलं तर तिच्या मालमत्तेचा उपभोग त्याच्या हातून जाईल. १६५४ च्या उन्हाळ्यात चर्चच्या मंडळानं हेन्ड्रिक्येला बोलावून घेतलं, रेम्ब्रांटबरोबर राहते म्हणून तिला दोषी ठरवलं आणि प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, यायची बंदी केली. ती तेव्हा गरोदर होती. ३० ऑक्टोबरला त्यांच्या मुलीचा, कॉर्नेलियाचा, बाप्तिस्मा झाला. हेन्ड्रिक्ये म्हणजेच ही मरिया, असं म्हणायला पुरावा नाही आणि मी म्हणणार नाही. पण ज्या घरावर बाहेरचे लोक निवाडे करत होते त्याच घरात या रेघा ओढल्या गेल्या, हे कळल्यावर त्या बंद खोलीची ऊब वेगळी वाटते.

एचिंगबद्दल आणखी एक गोष्ट, विशेषतः कुणाला जुनी छापील चित्रं विकत घ्यायची हौस असेल तर. चित्र पूर्ण झालं तरी पत्रा उरतो. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला, पण त्याचे कितीतरी पत्रे पुढे व्यापाऱ्यांच्या हाती गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या बासाँ या प्रकाशकानं त्यांवरून नव्यानं छापील संच काढले. तांबं मऊ असतं, प्रत्येक दाबाला चर थोडे झिजतात, मग पुढच्या मालकाकडून कुणीतरी ते पुन्हा खोल करून घेतं. तेव्हा ‘रेम्ब्रांटच्या पत्र्यावरून’ छापलेलं चित्र आणि रेम्ब्रांटनं स्वतः छापलेलं चित्र यांत शंभर-सव्वाशे वर्षांचं अंतर असू शकतं. अशा छापात अंधाऱ्या जागा एकसारख्या काळ्या आणि मेल्यासारख्या दिसतात, चेहऱ्यावरच्या नाजूक रेघा हरवलेल्या असतात. कागद कुठला आहे आणि त्यातली जलखूण (कागद उजेडासमोर धरला की दिसणारी खूण) कोणत्या काळातली आहे, हे तपासूनच जाणकार प्रतीचं वय ठरवतात. नुसतं बघायचं असेल तर अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर त्यांच्या संग्रहातली चित्रं मोठ्या आकारात मोफत उघडता येतात. अ‍ॅम्स्टरडॅमला गेलात तर रेम्ब्रांटचं घर चुकवू नका. १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरला घेतलेलं आणि पुढे दिवाळखोरीत गमावलेलं तेच घर आज संग्रहालय आहे, आणि तिथं एचिंग छापून दाखवतात.

रेम्ब्रांटच्या घरगुती चित्रांचा एक धागा आपल्या बाजूलाही येतो. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी गेले, तेव्हा त्यांनी अँटवर्पमध्ये छापलेलं अनेक भाषांमधलं मोठं बायबल बरोबर नेलं होतं. त्यात एनग्रेव्हिंग्ज होती. मुघल चित्रकारांनी अशा युरोपीय छापांवरून मरिया आणि बाळ कितीदा तरी रंगवलं. सतराव्या शतकात हीच वाट उलटी चालली. सुरतेत डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, आणि मुघल लघुचित्रं हॉलंडला पोचू लागली. रेम्ब्रांटनं १६५६ ते १६६१ च्या आसपास त्यांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, बहुतेक त्या जपानी कागदावर. त्यांतल्या एकात झाडाखाली चार वृद्ध जमिनीवर बैठक मारून बसलेत. ते रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्या बैठकीवरून त्यानं एक एचिंगही केलं, १६५६ मध्ये. बायबलमधल्या अब्राहामाच्या दाराशी आलेले तीन अनोळखी पाहुणे, जे खरं तर देव आणि देवदूत आहेत. युरोपात ही कथा रंगवायची तर पाहुणे टेबलाशी बसायचे. रेम्ब्रांटनं त्यांना खाली बसवलं, मुघल चित्रातल्या वृद्धांसारखं. अब्राहाम हातात सुरई घेऊन यजमानपण करतोय. त्याची बायको सारा दाराआडून ऐकतेय. आणि मुलगा इश्माएल सगळ्यांकडे पाठ करून धनुष्य ताणून बाण सोडायच्या बेतात आहे, घरी कोण आलंय याची त्याला काही पडलेली नाही.